दार दक्षिणेला, दोष कुणाचा? वास्तुशास्त्र, फेंगशुई आणि गावकुसाबाहेरचे घर

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी आम्ही गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याला गेलो होतो. काम साधे होते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले मागे कुणाकडे राहणार, कुणाची शाळा सुटणार, याची यादी करायची होती. बौद्ध वस्तीतल्या एका घरासमोर विटांचा ढीग दिसला. घर रमाई आवास योजनेतले, २६९ चौरस फुटांचे. बांधून फार वर्षे झालेली नाहीत, आणि तरी समोरची भिंत फोडलेली. आम्हाला वाटले पावसाने ढासळली असेल.

घरातल्या आक्का म्हणाल्या, "भाऊ, दार दक्षिणेला व्हतं. ती यमाची दिशा. घरात ऊर्जा खेळत नव्हती म्हनून पैसा टिकंना, म्हनून पोरगी सारखी आजारी. आता पूर्वेला दार काढलंय."

हे त्यांना सांगणारा माणूस तालुक्याहून आला होता. मोबाईलमधले होकायंत्र घेऊन तो घरभर फिरला, कोपऱ्याकोपऱ्यात थांबला, आणि चार दोष काढून गेला. भिंत फोडणे, नवी चौकट, गवंड्याची मजुरी, त्याची स्वतःची फी, एक पितळी पिरॅमिड आणि एक लाफिंग बुद्धा असा सगळा हिशेब पंचवीस हजारांवर गेला. पैसे कुठून आले? मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून. म्हणजे अजून न तोडलेल्या उसाच्या मजुरीतून.

भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्या खाली, टीव्हीशेजारी, तो ढेरपोट्या हसरा पुतळा बसवला होता. आमच्यातल्या एकाने तिथेच टिंगल केली. ते चुकलेच. आक्कांचा चेहरा पडला आणि पुढचे बोलणे संपले. टिंगल करून अंधश्रद्धा जात नाही, फक्त माणूस आपल्यापासून लांब जातो. म्हणून त्या दिवशी जे सांगायला हवे होते ते इथे लिहीत आहोत. आक्का हे वाचणार नाहीत, पण त्यांचा मुलगा आणि त्याच्यासारखी शिकलेली पोरे वाचतील.

पहिला प्रश्न साधा आहे. ते दार दक्षिणेला का होते? त्या घराच्या उत्तरेला दुसऱ्याच्या मालकीच्या जागेची भिंत आहे. पश्चिमेला चिकटून दुसरे घरकुल. पूर्वेला सांडपाण्याची नाली. वाट होती ती एकट्या दक्षिणेला. दार तिथे ठेवण्यात कुणाची चूक नव्हती आणि कुणाची निवडही नव्हती. आपल्या माणसांची घरे कुठे असावीत, केवढी असावीत आणि कोणत्या बाजूला उघडावीत हे फार पूर्वीपासून दुसरेच कुणी ठरवत आले आहे. त्या ठरवण्याच्या इतिहासालाच वास्तुशास्त्र म्हणतात, असे आमचे म्हणणे आहे.

हे म्हणणे तपासून पाहू. कौटिल्याच्या नावावर असलेल्या अर्थशास्त्रात नगर कसे वसवावे याचे प्रकरण आहे. दुसऱ्या अधिकरणातले चौथे. त्यात उत्तरेला ब्राह्मण, पूर्वेला क्षत्रिय, दक्षिणेला वैश्य, पश्चिमेला शूद्र अशी वाटणी आहे. शूद्रांच्या बाजूलाच सूत, बांबू आणि चामड्याचे काम करणारे. आणि पाखंडी व चांडाळ यांची जागा कुठे? स्मशानाच्या कडेला. हा 'पाखंडी' शब्द वाचून पुढे जाऊ नका. वेद न मानणाऱ्या पंथांसाठी तो वापरला जाई. वेद नाकारणारा आणि वर्णाबाहेरचा, या दोघांना एकाच ठिकाणी, मढ्यांच्या शेजारी, जागा दिलेली आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तर चांडाळाची वस्ती गावाबाहेरच असावी, त्याची भांडी फुटकी असावीत, त्याचे धन कुत्री आणि गाढवे असावे, असे नियमच आहेत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे जाळले गेले त्यात हा नगररचनेचा नियमही होता, हे आपण फारसे बोलत नाही.

आता 'खुद्द' वास्तुविद्येकडे येऊ. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा मोठा अध्याय आहे. आजचे वास्तुतज्ज्ञ आपल्या शास्त्राच्या प्राचीनतेसाठी त्याचे नाव हमखास घेतात. नाव घेतात, पण वाचून दाखवत नाहीत. कारण त्यात घराची रुंदी वर्णानुसार दिली आहे. ब्राह्मणाचे सर्वांत मोठे घर ३२ हात रुंद, क्षत्रियाचे २८, वैश्याचे २४, शूद्राचे २०. प्रत्येकी चार हात कमी. खालची मर्यादा १६ हातांची, आणि अगदी हीन मानलेल्यांना त्याहूनही कमी. राजाचे सर्वांत मोठे घर मात्र १०८ हात रुंद.

एक हात म्हणजे साधारण दीड फूट धरला, तर ब्राह्मणाचे घर ४८ फूट रुंद आणि शूद्राचे फार तर ३०. सोळा हात म्हणजे २४ फूट. आमच्या आक्कांचे २६९ चौरस फुटांचे घरकुल चौरस धरले तर एक बाजू साडेसोळा फुटांच्या आत भरते. अकरा हात! वराहमिहिराच्या 'त्याहूनही कमी' या रकान्यात ते बिनचूक बसते. शासनाने काही बृहत्संहिता उघडून निकष ठरवला नाही, खर्चाचा हिशेब घालून ठरवला, हे आम्हाला माहीत आहे. पण दीड हजार वर्षांनंतरही मोजमाप तिथेच येऊन थांबावे, याला काय म्हणायचे?

जमिनीचीही तीच गोष्ट. पांढरी माती ब्राह्मणाला, तांबडी क्षत्रियाला, पिवळी वैश्याला, काळी शूद्राला. मातीचा वास घ्यायचा, चव घ्यायची आणि त्यावरून ती कोणत्या वर्णाची ते ओळखायचे. खड्ड्यात चार रंगांची फुले रात्रभर ठेवायची. ज्या रंगाचे फूल कोमेजणार नाही, त्या वर्णाला ती जागा चांगली. उतार उत्तरेकडे असेल तर ब्राह्मणाला इष्ट, पूर्वेकडे क्षत्रियाला, दक्षिणेकडे वैश्याला, पश्चिमेकडे शूद्राला. आणि या सगळ्यावर कडी अशी, की ब्राह्मणाने कोणत्याही उताराच्या जागेवर राहावे. बंधन फक्त इतरांना!

मित्रहो, इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. दक्षिणेचा उतार वैश्याला चांगला सांगितला आहे. अर्थशास्त्रात दक्षिण दिशा वैश्यांना, म्हणजे व्यापार करणाऱ्या पैसेवाल्यांना, दिलेली आहे. दाराच्या बाबतीतही बृहत्संहिता चारी बाजूंना आठ-आठ अशा ३२ जागा मोजते, प्रत्येकीचे फळ वेगळे सांगते, आणि दक्षिणेच्या आठही जागा वाईट ठरवत नाही. म्हणजे 'दक्षिणेचे दार म्हणजे यमाचे दार, पैसा टिकत नाही' हे आजचे सरसकट वाक्य ज्या ग्रंथाच्या नावाने विकले जाते त्या ग्रंथातही तसे नाही. आक्कांना आजच्या बाजाराने फसवले, आणि तेही जुन्या ग्रंथाची शपथ घेऊन.

त्या दारांच्या फळांमध्ये काय काय आहे? पुत्रनाश, धनहानी, राजाचा राग, आणि कुठे दुसऱ्याची चाकरी, कुठे नीचत्व. चाकरी करावी लागणे हे दाराच्या दोषाचे फळ. वाचून हसू येते आणि रागही येतो. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या चाकरीत गेल्या, ज्यांना जन्मानेच नीच ठरवले, त्यांची दारे कुठे चुकली होती? येसकराच्या काठीला कोणता वास्तुदोष होता? हा ग्रंथ आपल्यासाठी लिहिलेलाच नाही. आपल्यासारखी अवस्था आपल्यावर येऊ नये, या भीतीने पछाडलेल्या घरमालकांसाठी तो लिहिला आहे. त्यातले संकट म्हणजे आपले रोजचे जगणे.

वास्तुपुरुषाची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. वास्तुशांतीला तिचा विधी होतो. पृथ्वी आणि आकाश अडवून बसलेल्या एका प्रचंड प्राण्याला देवांनी धरले, पालथे पाडले, ज्या देवाने जो अवयव दाबला तो देव तिथेच बसला, आणि त्या दाबलेल्या देहावर घर उभे राहिले. एक्क्याऐंशी किंवा चौसष्ट घरांचा तो आराखडा, मध्ये ब्रह्मदेव, ईशान्येला डोके, नैर्ऋत्येला पाय. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त वामनाने दाबलेल्या बळीकडे पाहायची नजर आपल्याला दिली. त्या नजरेने या पालथ्या पडलेल्या देहाकडे पाहिले तर पायाखाली कोण आहे हे वेगळे सांगायला नको. हा आमचा अर्थ आहे, पुरावा म्हणून आम्ही तो मांडत नाही. पण तो शांत राहावा म्हणून त्याची पूजा करायची आणि त्याला उठू मात्र द्यायचे नाही, ही कल्पना आम्हाला फार ओळखीची वाटते.

या सगळ्यात 'ऊर्जा' कुठे आहे? बृहत्संहितेच्या त्या अध्यायात देव आहेत, फळे आहेत, वर्ण आहेत. घरातून वाहणारी सकारात्मक ऊर्जा नाही. हा माल दुसऱ्या गोदामातला आहे. चीनमध्ये 'ची' नावाची कल्पना आहे, श्वास, वाफ, प्राण अशा अर्थाची. फेंगशुई या शब्दाचा अर्थ वारा आणि पाणी. तिथल्या परंपरेत तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या ग्वो पू या विद्वानाच्या नावावर या विषयाचा एक पायाभूत ग्रंथ सांगितला जातो, आणि तो ग्रंथ घरांविषयी नाही, थडग्यांविषयी आहे! पूर्वजाची हाडे कोणत्या जागी पुरली म्हणजे वंशजांना लाभ होईल, वाऱ्याने 'ची' विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, असा तो विचार. मढे कुठे पुरावे याचे शास्त्र विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत गेले, तिथे 'ची'ला ऊर्जा म्हटले गेले, थडग्याच्या जागी दिवाणखाना आला, आणि मग ते गिफ्ट शॉपमधून गेवराईपर्यंत पोचले. आपल्याकडच्या वास्तुतज्ज्ञांनी तोच शब्द उचलला, कारण 'यम कोपेल' म्हणण्यापेक्षा 'निगेटिव्ह एनर्जी' म्हटले की शिकलेला माणूसही मान डोलावतो. ऊर्जा ही मोजायची गोष्ट आहे. विजेच्या मीटरवर एक युनिट फिरले की छत्तीस लाख ज्यूल होतात, आणि बिल थकले की तो प्रवाह कोणत्याही दिशेच्या घरात बंद पडतो.

आणि गंमत पुढेच आहे. चीनमध्ये घराचे तोंड दक्षिणेला असणे सर्वांत चांगले मानतात. उत्तरेकडून थंड वारे येतात, हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून मिळते, त्यामुळे उत्तर चीनमधली चौकाची जुनी घरे दक्षिणाभिमुख. बीजिंगचा राजवाडासुद्धा दक्षिणेकडे तोंड करून आहे. म्हणजे ज्या माणसाने आक्कांचे दक्षिणेचे दार बुजवले, त्यानेच दक्षिणेचे दार उत्तम मानणाऱ्या शास्त्राचा पुतळा त्यांना विकला. एका हाताने रोग दिला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या विरुद्ध औषध. दोन्हीचे पैसे घेतले.

तो पुतळा कुणाचा, हेही सांगून टाकू, कारण अनेक बौद्ध घरांत तो 'बुद्ध' म्हणून बसला आहे. तो सिद्धार्थ गौतम नव्हे. दहाव्या शतकाच्या आरंभी वारलेला बुदाई नावाचा एक चिनी भिक्खू होता. खांद्यावर कापडी झोळी घेऊन फिरणारा, लठ्ठ, हसरा. पुढे लोकांनी त्याला मैत्रेयाचा अवतार मानले. त्या फकिरी माणसाविषयी आम्हाला आदर आहे. त्याच्या पोटावरून हात फिरवला की पैसा येतो, ही बाजाराची भर. ज्याच्याकडे झोळीशिवाय काही नव्हते त्याला धनाची देवता करणे हा तर त्याचाच अपमान.

तथागतांचे या विषयावर मत काय होते? काही मित्र म्हणतात, बुद्धाच्या काळी हे प्रश्नच नव्हते. होते! दीघनिकायाचे पहिलेच सुत्त, ब्रह्मजाल सुत्त. त्यात श्रमण गौतम ज्या हीन विद्यांवर पोट भरत नाही अशांची लांबलचक यादी आहे. हात पाहणे, स्वप्ने सांगणे, ग्रहणांचे भाकीत, नवस, आणि त्यांच्यातच 'वत्थुविज्जा', म्हणजे वास्तुविद्या. घराच्या जागेचे शुभाशुभ सांगून उपजीविका करणे हा भिक्खूसाठी मिथ्या आजीव ठरवला आहे. सामञ्ञफल सुत्तात हीच यादी पुन्हा येते. अडीच हजार वर्षांपूर्वी नाव घेऊन नाकारलेली गोष्ट आज आपण उचलीचे पैसे देऊन घरात आणतो आहोत.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महापरिनिब्बान सुत्तात पाटलिगामाची तटबंदी चालू असताना जागोजाग देवता वसल्याचा उल्लेख आहे. पुढच्या काळात श्रीलंकेत मठ बांधण्यासाठी मंजुश्रीच्या नावाने वास्तुविद्येचा संस्कृत ग्रंथही झाला. बौद्ध परंपरेत हे कधी शिरलेच नाही असा दावा आम्ही करणार नाही. विरोधक उद्या हेच पुढे करतील, तेव्हा आपल्याला ते आधीच माहीत असावे. पण त्याच सुत्तात पाटलिपुत्राला धोके कोणते सांगितले आहेत ते वाचा: आग, पाणी आणि आपसातली फूट. दिशेचा धोका त्यात नाही.

दिशांविषयी तर तथागतांनी स्वतंत्र उपदेश केला आहे. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण पहाटे ओल्या अंगाने सहा दिशांना हात जोडत होता. बापाने मरताना सांगितले म्हणून. तथागतांनी त्याची टिंगल केली नाही. (आमच्या त्या मित्राने हे वाचावे.) त्यांनी त्याला सांगितले की दिशा अशा पुजायच्या नसतात. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे बायकामुले, उत्तर म्हणजे मित्र-सोबती, वरची दिशा श्रमण-ब्राह्मणांची. आणि खालची दिशा? नोकर आणि कामगार. त्यांना झेपेल तेवढेच काम द्यावे, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारात काळजी घ्यावी, चांगलेचुंगले वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी.

वास्तुशास्त्राच्या घरात खालच्या दिशेला देवांनी दाबलेला देह आहे. तथागतांच्या घरात खालच्या दिशेला मजुरीचा, औषधाचा आणि सुट्टीचा हक्क असलेला माणूस आहे. उसाच्या फडात पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंत राबणाऱ्या आमच्या आक्कांच्या घरात खरोखर कोणती दिशा बिघडली आहे, हे सिगालाला सांगितलेल्या या पाच गोष्टींवरून ठरवावे.

मराठवाड्यातली लेणी पाहा. अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखी पसरली आहेत. एकाचे तोंड एकीकडे, दुसऱ्याचे दुसरीकडे. वेरूळचा डोंगरकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून लेणीही पश्चिमेकडे. कडा जिथे, पाणी जिथे, उजेड जिथे, तिथे दार. ज्यांनी ही लेणी कोरली त्यांना दिशा कळत नव्हत्या असे कुणी म्हणेल काय?

इथे नेहमीचा आक्षेप येतो. वास्तुशास्त्र म्हणजे उजेड-वाऱ्याचे विज्ञानच आहे, वर्णाचा भाग तेवढा सोडून द्या. चांगले. पण मग पश्चिमेच्या भिंतीला खिडकी कमी ठेवावी, दारात लिंब लावावा, चुलीचा धूर बाहेर जाईल अशी जाळी ठेवावी, हे गावातला कोणताही गवंडी फी न घेता सांगतो. त्याला यमाची गरज पडत नाही. विज्ञान असेल तर त्याचा नियम सगळ्या माणसांना सारखा लागतो. ऊन काही वर्ण विचारून पडत नाही. आणि घराचे खरे शास्त्र न कळण्याची किंमत मराठवाड्याने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा जाड दगड-मातीच्या भिंती आणि मातीचे जड माळवद माणसांवर कोसळले. हजारो माणसे झोपेत गेली. त्या घरांत वास्तुशांती झालेली घरे नव्हती काय? जीव घेतला तो वजनाने आणि नीट न बांधलेल्या भिंतींनी.

त्याच्या पंधरा वर्षे आधी आपली घरे पडली ती भूकंपाने नव्हे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्याच्या गावागावांत बौद्ध वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंचा जीव घेतला गेला. आग लावणाऱ्यांनी दार कोणत्या दिशेला आहे हे पाहिले नाही. घर कोणत्या वस्तीत आहे एवढे पाहिले. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

घराची जागा हा सत्तेचा प्रश्न आहे हे बाबासाहेबांना स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होते. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला हा माणूस बडोद्यात नोकरीला गेला, तेव्हा शहरात त्याला घर मिळाले नाही. पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि काही दिवसांत लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथूनही हुसकले. १९४२ च्या नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र गावांची मागणी झाली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी वसाहत आयोगाची तरतूदच लिहून दिली: सरकारी पडीक जमिनीवर अनुसूचित जातींची स्वतंत्र गावे वसवायची. १९४८ साली संविधान सभेत त्यांनी भारतीय खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावले, त्याच वर्षी अस्पृश्य गावाबाहेर का राहतात यावर त्यांचे पुस्तक आले. आमच्या मते ही मागणी आपल्या चळवळीने सर्वांत जास्त विसरलेली मागणी आहे. आपण पुतळ्यांसाठी लढलो, नावांसाठी लढलो, ते योग्यच होते. जागेसाठी मात्र कमी लढलो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. अनेक ठिकाणी पाटी बदलली. वस्ती जिथे होती तिथेच आहे.

स्वतःचे घर बांधायची वेळ आली तेव्हा बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. नाव घेतले सिगालाच्या गावाचे, आणि घराचा विचार केला पुस्तकांच्या सोयीने. ऊर्जेचा प्रवाह शोधायचाच असेल तर तिथल्या कपाटांत शोधावा.

१९९१ नंतर फ्लॅट, कर्ज आणि टीव्ही एकदमच मध्यमवर्गात आले, आणि वास्तुतज्ज्ञ हा धंदा फोफावला. नव्याने मिळालेले हातचे जाईल की काय या भीतीवर तो चालतो. २०१७ साली खरगपूरच्या आयआयटीत वास्तुशास्त्र शिकवण्याची बातमी आली. शेजारच्या तेलंगणात, जे आपल्याबरोबर निजामाच्या राजवटीत होते, २०२० साली जुने सचिवालय पाडले गेले तेव्हा वास्तुदोषाची चर्चा वर्तमानपत्रांनी भरभरून केली. ३० एप्रिल २०२३ ला उघडलेल्या नव्या इमारतीला नाव कुणाचे दिले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. यावर काय लिहावे ते आम्हाला अजून सुचलेले नाही.

कायद्याचा आधार शोधाल तर तिथेही निराशाच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण वास्तुशास्त्राचा सल्ला देणे या कायद्यातून वगळलेले आहे. म्हणजे तलवाड्यात आलेल्या त्या माणसाने कायद्याने काहीच गुन्हा केलेला नाही. भिंत फोडायला सांगितली, पैसे घेतले, गेला. हे आपल्यालाच, घरोघरी बसून, टिंगल न करता सांगावे लागणार आहे. विशेषतः गृहप्रवेशाला बुद्धवंदना घेणाऱ्या आणि त्याच्या आदल्या दिवशी गुपचूप वास्तुतज्ज्ञाला बोलावणाऱ्या आपल्या नोकरदार बांधवांना. वस्तीतली माणसे त्यांचेच पाहून शिकतात. आक्कांनाही त्या माणसाचा नंबर औरंगाबादला राहणाऱ्या त्यांच्या नोकरदार नातेवाइकाकडून मिळाला होता.

जानेवारीत आम्ही मुलांच्या कामासाठी कारखान्याच्या परिसरात गेलो, तेव्हा आक्का तिथल्या कोप्यांमध्ये भेटल्या. मुलगी सोबतच होती, ताप होताच. तलवाड्याच्या घराला कुलूप. पूर्वेच्या नव्या दारासमोर नाली असल्यामुळे पावसाळ्याच्या शेवटी पाणी आत आले होते, ते त्यांनीच सांगितले. मुकादमाच्या वहीतले पंचवीस हजार अजून तसेच होते. या वेळी आम्ही आधी मुलीला दवाखान्यात नेले, मग बसून बोललो. सिगालाची गोष्ट सांगितली. खालच्या दिशेपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "सुट्टीचंबी सांगितलंय व्हय?" आणि परत एकदा सांगायला लावली.

निघताना आम्ही सहज विचारले, आक्का, या कोपीचे दार कोणत्या दिशेला आहे?

त्या हसल्या. "भाऊ, हितं दार कुठंय? पोतं लावलंय. वारं येईल तिकडून बांधायचं."